पानठेल्यावर पोराला कोण पाठवतं?

दोन-अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावातल्या शाळेत मी व्यसनमुक्तीवर बोलायला गेले होते. बचत गटाच्या कामानिमित्त माझं गावोगावी फिरणं होतं, त्यामुळे शाळावालेही कधीमधी बोलावतात. मी तयारीनिशी गेले होते. चित्रांचा तक्ता नेला होता. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला की खर्रा होतो, तो खाल्ल्याने तोंडाच्या आतली कातडी कशी ताठरते, तोंड उघडेनासं कसं होतं, पुढे त्याचा कॅन्सर कसा होतो, सगळं समजावून सांगितलं. मुलं शांतपणे ऐकत होती. मलाही वाटलं, छान झालं आज! शेवटी विचारलं, "कोणाला काही विचारायचंय का?"

मागच्या रांगेतली सातवी-आठवीतली एक टुरी उभी झाली. म्हणाली, "बाई, तुमच्या घरी कोणीच खात नाही का?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, माझ्या तोंडून शब्द फुटेना. कारण माझे यजमान वीस वर्षांपासून खर्रा खात होते. दिवसाला पाच-सहा. "पुढच्या वेळी सांगते हं," असं काहीतरी पुटपुटून मी तक्ता गुंडाळला आणि निघाले. ती पोरगी उद्धट नव्हती. तिने खवचटपणेही विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, की असं घर असतं का कुठे, जिथे कोणीच खात नाही?

एसटीत बसल्यावर आणखी एक गोष्ट आठवली आणि जास्तच लाज वाटली. संध्याकाळी चहा उकळेपर्यंत "जा रे बापू, बाबांसाठी एक खर्रा घोटून आण," असं म्हणून आमच्या मुलाला पानठेल्यावर पाठवणारी कोण होती? मीच! तो दुसरीत होता तेव्हापासून. हातात पैसे देऊन. उरलेल्या पैशांचं चॉकलेट घे, असंही वर सांगून.

म्हणजे पोराला ठेल्याची वाट मीच दाखवली होती. सुपारी किती, तंबाखू किती, चुना किती, हे त्याला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

आडात आणि पोहऱ्यात

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दुसरी म्हण, खाण तशी माती. या म्हणी आपण बहुतेक दुसऱ्यांच्या मुलांबद्दल वापरतो. शेजारचा पोरगा दारू प्यायला लागला की "बाप तसा बेटा" म्हणायला आपण मोकळ्या. स्वतःच्या मुलाचं काही निघालं की मात्र "संगत वाईट मिळाली हो!" एकाच गावातली दोन पोरं, पण शेजारणीच्या पोराला बिघडवतो त्याचा बाप आणि आपल्या पोराला बिघडवतात त्याचे दोस्त! हिशेब कसा सोयीचा आहे बघा.

मुलं बघून शिकतात, हे आपल्या आज्या सांगतच होत्या. शास्त्रज्ञांनीही ते तपासून पाहिलं आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा यांनी बालवाडीतल्या ७२ मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने एका फुगवलेल्या बाहुल्याला मारलं, लाथाडलं, वाईट बोललं. काही मुलांसमोर मोठा माणूस शांतपणे खेळत बसला. नंतर मुलांना तशाच बाहुल्यासोबत खेळायला सोडलं. ज्यांनी मारहाण पाहिली होती, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी तसंच केलं. तेच हावभाव, तेच शब्द. त्यांना कोणी "मार" असं सांगितलं नव्हतं. नुसतं पाहिलं होतं.

आता आपल्या घरात मूल दिवसभर काय पाहतं, याचा विचार करा. आपण संस्कार म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर काय येतं? शुभंकरोती, पाया पडणं, संस्कार वर्ग, सुविचाराची वही. ते वाईट नाही. पण कामाला येणाऱ्या बाईचा कप आपण वेगळा ठेवतो आणि मुलाला "समता" या विषयावर निबंध लिहून देतो. मुलगा निबंधात पहिला येतो आणि कप वेगळा असतो हेही शिकतो. वर्गणीवाले आले की "आई घरी नाही म्हणून सांग" असं आपणच सांगतो आणि त्याच रात्री त्याने खोटं बोलल्याबद्दल त्याला दोन रट्टे देतो. मग त्याने नेमकं काय धरायचं?

आणखी एक. मागे एका गावी बचत गटाच्या बैठकीत एक बाई रडकुंडीला आली होती. "बाई, कितीदा सांगतलं याले, पण आयकतच नाही. दप्तरात खर्ऱ्याच्या पन्न्या सापडल्या." सगळ्या बाया हळहळल्या. ती बोलत होती आणि तिच्या पदराच्या गाठीत नसची डबी होती. सकाळ-संध्याकाळ दाताला नस घासल्याशिवाय तिचं भागत नाही. आमच्याकडे बायाही कमी नाहीत. कोणी नस घासते, कोणी गुडाखू, कोणी सरळ खर्राच खाते. मी तिला नावं ठेवत नाही. रोवणीच्या दिवसांत पहाटे उठून, घरचं आवरून, दिवसभर चिखलात वाकून धान लावायचं आणि पोटात मात्र सकाळची शिळी भाकर. तंबाखूने भूक मरते, अंगाला हुशारी आल्यासारखं वाटतं. सवय तिथूनच लागते. पण पोराला तिचं वाकलेलं कंबरडं दिसत नाही, डबी दिसते. त्याला एवढंच कळतं की थकलं की तोंडात काहीतरी टाकायचं असतं.

हाफ तिकीट

आता माझी स्वतःची दुसरी फजिती सांगते. महिलांना एसटीत अर्धं तिकीट २०२३ मध्ये सुरू झालं, ही त्याच्या आधीची गोष्ट. मुलीला तेरावं वर्ष लागून तीन-चार महिने झाले होते. आम्ही गोंदियाला निघालो होतो. अंगापिंडाने बारीक, म्हणून मी तिच्या कानात सांगितलं, "कंडक्टरने विचारलं तर अकरा सांगशील." कंडक्टरने काही विचारलंच नाही. मी एक फुल, एक हाफ म्हटलं आणि माझी कन्या मोठ्याने म्हणाली, "आई, मला तेरावं सुरू आहे ना?"

गाडीतले लोक हसले. मी लालेलाल. पूर्ण तिकीट काढलं आणि गोंदिया येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. उतरल्यावर चांगलं झापलं. "मोठ्यांचं ऐकायचं नाही का? चारचौघांत आईचा अपमान करतेस?" ती रडली, पण एक वाक्य बोलली. म्हणाली, "तूच तर म्हणतेस ना, खरं बोलायचं."

त्या दिवशी मला तिचा राग आला. आज वाटतं, माझं शिकवणं त्या दिवशी पास झालं होतं आणि मीच त्याला नापास करत होते.

ऐकणारं मूल की विचार करणारं मूल?

आणि इथेच मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. आपल्याला सगळ्यांना "ऐकणारी" मुलं आवडतात. "माझा मुलगा खूप साधा आहे हो, सांगेल ते ऐकतो," हे आपण कौतुकाने सांगतो. पण जरा थांबून विचार करा. जे मूल फक्त ऐकायलाच शिकलं, ते आज आपलं ऐकतं, उद्या दोस्ताचं ऐकेल. परवा मोबाईलवरच्या कोणा अनोळखी माणसाचं ऐकेल. लग्नानंतर हुंडा मागणाऱ्या मामाचं ऐकेल आणि मान खाली घालून उभं राहील. "मी काय करू, मोठे ठरवतात." आपण नाही म्हणायला शिकवलंच नाही, तर ऐन वेळी त्याला ते येणार कुठून?

"नाही" हा शब्द मूल पहिल्यांदा घरातच वापरून बघतं. आणि तो वापरल्यावर काय होतं, हेही घरातच बघतं. रट्टा मिळतो, की कोणी विचारतं, "का रे बाबा, का नाही?"

पोलंडमध्ये लहानपणी हिटलरच्या सैन्यापासून वाचलेले सॅम्युएल ऑलिनर नावाचे एक गृहस्थ पुढे अमेरिकेत समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांना एका शेतकरीण बाईने मदत केली म्हणून ते वाचले होते. ज्या काळात ज्यूंना घरात लपवणं म्हणजे स्वतःच्या मरणाला बोलावणं, त्या काळात काही साध्यासुध्या माणसांनी हे का केलं, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी पर्ल यांनी अशा चारशेहून जास्त माणसांना गाठून विचारलं आणि ज्यांनी मदत केली नव्हती त्यांच्याशी तुलना केली. १९८८ साली त्यांचं पुस्तक निघालं. त्यात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. मदत करणाऱ्यांच्या लहानपणीच्या आठवणींत मारझोड कमी होती आणि समजावून सांगणं जास्त होतं. आईबापांनी हे कर, ते करू नको एवढंच म्हटलं नव्हतं, तर का ते सांगितलं होतं. आणि माणसामाणसांत भेद न करता वागून दाखवलं होतं.

म्हणजे सगळं गाव एका बाजूला असताना जो माणूस दुसऱ्या बाजूला उभा राहू शकला, त्याची तयारी लहानपणी घरातच झाली होती.

आपल्याच मातीतली घरं

लांब कशाला जायचं? आपल्या शेजारच्या गडचिरोलीचं पाहा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दोघं अमेरिकेत शिकून आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत कामाला लागले. शहरात दवाखाना टाकून आरामात राहता आलं असतं. पण अभय बंगांच्या घरची एक गोष्ट त्यांनी अनेकदा सांगितली आहे. त्यांचे वडील ठाकुरदास बंग वर्ध्याला अर्थशास्त्र शिकवत. बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात गेलेले. पुढे अमेरिकेला शिकायला जायचं ठरलं, तेव्हा ते सेवाग्रामला गांधीजींचा आशीर्वाद घ्यायला गेले. गांधीजी म्हणाले, अर्थशास्त्र शिकायचं असेल तर भारतातल्या खेड्यात जा. ठाकुरदासजींनी अमेरिकेचा बेत रद्द केला आणि खेड्याची वाट धरली. ज्या घरात बापाने असं करून दाखवलं, त्या घरातल्या मुलाला मोठं झाल्यावर "लोक काय म्हणतील" हा प्रश्न फारसा छळत नसावा. बापाने तो आधीच निकालात काढलेला असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांचंही असंच. तुटपुंजी पेन्शन, खाणारी तोंडं जास्त. पण भीमरावांना पुस्तक हवं असलं की ते लेकीकडे जायचे, तिचा दागिना मागायचे, तो गहाण ठेवून पुस्तक आणायचे आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत द्यायचे. "बेटा, शिक्षण फार महत्त्वाचं," असं हजारदा सांगण्यापेक्षा तो एक गहाण पडलेला दागिना जास्त बोलला असेल. आणि त्या लेकीचंही कौतुक करा. तिने दागिना काढून दिला, याची आठवण आपण बाया तरी ठेवू या.

आमच्याच तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या बाजूला तिबेटी लोकांची वसाहत आहे. १९७२ पासून ती माणसं इथे राहतात. आपला देश सोडून आली, इथल्या उन्हापावसात रुजली. चहूकडे मराठी, हिंदी, झाडीबोली. तरी त्यांनी आपली भाषा, प्रार्थना टिकवली. हातात जपमाळ घेतलेली म्हातारी माणसं तिथे दिसतात, तेव्हा मला वाटतं, हे काही भाषणांनी टिकलेलं नाही. रोज समोर घडतं, म्हणून टिकलं.

पण एक खुलासा करते. आईबाप व्यसनी म्हणून मूल व्यसनी होणारच, असं मी म्हणत नाही. बापाची दारू पाहून थेंबालाही न शिवणारी पोरं मी याच तालुक्यात पाहिली आहेत. आणि चांगल्या घरातली बिघडलेलीही पाहिली आहेत. पोर म्हणजे काही मातीचं मडकं नव्हे, हवं तसं घडवायला. त्याचं स्वतःचंही डोकं असतं. पण ते डोकं कशावर चालवायचं, त्याचा पहिला नमुना घरातच मिळतो.

आमच्या घरी काय झालं

त्या शाळेतून घरी आल्यावर मी यजमानांना भाषण दिलं नाही. वीस वर्षांत भाषणं बरीच देऊन झाली होती. "मी कमावतो, एवढंही खाऊ नको का?" हे उत्तरही पाठ होतं. मी फक्त एवढंच म्हटलं, "उद्यापासून पोरगा ठेल्यावर जाणार नाही. मी पाठवणार नाही, तुम्हीही पाठवू नका. तुम्हाला पाहिजे असेल तर तुम्ही जा." ते काही बोलले नाहीत. चार-पाच दिवस स्वतः गेले.

माझा तो चित्रांचा तक्ता घरी भिंतीला टेकवून ठेवलेला होता. त्यावर लिहिलं होतं की तोंडात आपली तीन बोटं उभी जायला हवीत. एका रात्री जेवताना मुलाने सहज विचारलं, "बाबा, तुमची जातात का तीन बोटं?" यांनी हसत हसत घालून पाहिली. दोनच गेली. हसू तिथंच थांबलं. तिसरं बोट घालायचा प्रयत्न केला, तर गाल ओढला गेला, डोळ्यांत पाणी आलं. मुलगी जेवता जेवता उठून गेली.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवलं. कॅन्सर नव्हता. पण गालाची आतली कातडी ताठरायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, आता सोडलं तर पुढचं थांबू शकतं, पण झालेलं सगळं भरून येणार नाही. आणि हेही सांगितलं की नुसती तंबाखू नाही, सुपारीसुद्धा तितकीच घातक. "मी तंबाखू घालत नाही, साधी सुपारीच खातो" म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कॅन्सरकारक म्हणून २००४ मध्येच जाहीर केलं आहे.

मग सुरू झाली सोडण्याची लढाई. ती काही सिनेमातल्यासारखी झाली नाही. पहिले पंधरा दिवस घरात कोणाला बोलायची सोय नव्हती. झोप नाही, डोकं दुखतं, ताटावरून उठून जायचे. मी बडीशेप, लवंग, भाजलेला ओवा डबीत भरून खिशात द्यायची. मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची. एकवीस फुल्या झाल्या आणि एका लग्नात यांनी खाल्ला. कपडे धुताना पँटच्या खिशात मला पन्नी सापडली. मी काही बोलायच्या आधीच मुलाने ती पाहिली.

मला वाटलं, आता हे खोटं बोलणार. "दुसऱ्याची ठेवली होती" वगैरे. पण यांनी दोन्ही मुलांना समोर बसवलं आणि म्हटलं, "काल खाल्ला. चुकलो. उद्यापासून पुन्हा पहिल्या फुलीपासून सुरू."

मैत्रिणींनो, वीस वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याने मुलांना दिलेला सगळ्यात मोठा धडा कोणता असं मला कोणी विचारलं, तर मी हे वाक्य सांगेन. आपण समजतो की मुलांसमोर आदर्श ठेवायचा म्हणजे आपण चुकायचंच नाही. चुकलो तर लपवायचं. पण मुलांपासून काही लपत नाही. त्यांना न चुकणारे आईबाप मिळतील कुठून? चूक कबूल करून परत उभे राहणारे मिळाले तरी पुष्कळ झालं.

तिसऱ्या खेपेला सुटलं. आता दीड वर्ष झालं आहे. तोंड अजून पूर्ण उघडत नाही. तिखट चालत नाही, माझ्या हातची झणझणीत भाजी आता बाजूला वेगळी करावी लागते. ती त्या वीस वर्षांची किंमत आहे.

मंडईतली रात्र

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं. वडश्याहून नाटक मंडळी येते आणि रात्रभर मांडवात पाय ठेवायला जागा नसते. मागच्या मंडईला आमचा मुलगा दोस्तांसोबत नाटकाला गेला होता. सोळा-सतराचं वय. मध्यरात्री झोप येऊ नये म्हणून एकाने खर्रा काढला, सगळ्यांच्या हातावर थोडा थोडा ठेवला. याच्याही हातावर आला. "खाऊन तर पाह, का लहान पोरगा हायस का अजून?"

त्याने हात मागे घेतला. म्हणाला, "मायल्या बापाले सोडताना पाह्यलं मी. मले सुरूच नाही करायचा."

हे त्याने मला सांगितलं नाही, त्याच्या दोस्ताने सांगितलं. आणि तो दोस्त पुढे म्हणाला, "काकू, मंग मीबी नाही खाल्लो."

ते ऐकून मला आणखी एक प्रयोग आठवला. बी.ए.ला मानसशास्त्राच्या तासाला शिकले होते. १९५१ च्या सुमारास सॉलोमन ॲश यांनी काही माणसांना एका खोलीत बसवून अगदी सोपा प्रश्न विचारला. या तीन रेघांपैकी कोणती रेघ त्या रेघेएवढी आहे? खोलीतली बाकी सगळी माणसं आधीच ठरवून ठेवलेली. ती मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायची. खरी परीक्षा एकाचीच. शंभरातल्या पंचाहत्तर जणांनी एकदा तरी डोळ्यांसमोरचं खरं सोडून लोकांच्या मागे चुकीचं उत्तर दिलं. पण त्या खोलीत आणखी एका माणसाने खरं उत्तर दिलं, की चुकणं खूप कमी व्हायचं. सगळ्यांविरुद्ध उभं राहायला माणसाला फार मोठी फौज लागत नाही. सोबतीला एक जण पुरतो.

मंडईच्या त्या रात्री आमच्या पोरासोबत त्याचा बाप उभा होता. तो मांडवात नव्हता, घरी झोपला होता, तरी होता. आणि त्या दोस्तासोबत आमचा पोरगा उभा होता.

उद्या हा मुलगा शिकायला नागपूर-पुण्याला जाईल. तिथे काय होईल, ते मी आज सांगू शकत नाही. कोणतीच आई सांगू शकत नाही. पण त्याच्याजवळ एक आठवण आहे, एवढं मला माहीत आहे.

मग आपण काय करायचं?

कायदे आहेत. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. गडचिरोलीत बायांनी आणि कार्यकर्त्यांनी लढून १९९३ मध्ये दारूबंदी आणली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठलीही. कायदा हवाच, पण सरकार बदललं की तो बदलतो. घरचा नियम मोडायला मात्र आपल्यालाच मोडावा लागतो.

आणि गंमत बघा, पोराच्या हातात पैसे देऊन आपणच त्याला ठेल्यावर पाठवतो, म्हणजे ठेलेवाल्याला तो कायदा मोडायला आपणच लावतो!

म्हणून सुरुवात अगदी छोटी करा. आजपासून मुलाला किंवा मुलीला खर्रा, बिडी, तंबाखू, नस आणायला पाठवायचं नाही. सासऱ्यांसाठीही नाही, पाहुण्यांसाठीही नाही. "मामंजी, पोराला नका पाठवू, मीच आणते," असं म्हटलं तरी चालेल, म्हातारं माणूस दोन दिवसांत समजतं. ज्यांना सोडायचं आहे, त्यांच्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८०० ११ २३५६. लाज वाटून घेऊ नका. आपल्या पदराच्या गाठीत डबी असेल, तर सुरुवात तिथून करा आणि मुलांना सांगून करा. जमलं नाही तर तेही सांगा.

दुसरं म्हणजे, मूल "नाही" म्हणालं की लगेच अंगावर जाऊ नका. एकदा तरी "का?" म्हणून विचारा. उत्तर पटलं नाही तर आपलं का आहे तसं, ते समजावून सांगा. पटलं तर "बरोबर आहे तुझं" म्हणायला जीभ जड होऊ देऊ नका. माझी फार जड व्हायची.

त्या शाळेत मी पुन्हा गेले होते, मागच्या उन्हाळ्याच्या सुट्या लागायच्या आधी. ती मुलगी आता दहावीला जाणार होती. मी तिला शोधून काढलं आणि म्हटलं, "तू मला एक प्रश्न विचारला होतास. उत्तर द्यायचं राहिलं होतं. तेव्हा आमच्या घरी खात होते. आता नाही खात."

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाई, आमच्या बाबाला सांगाल का तुम्ही? तुमच्याकडे कसं सुटलं ते?"

पुढच्या रविवारी यजमान आणि मी तिच्या घरी जाऊन आलो. तिच्या बाबाने चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. सोडतो असं काही म्हणाला नाही. पण आम्ही निघताना तिच्या लहान भावाने सवयीने पैशासाठी हात पुढे केला, तेव्हा त्याने पोराचा हात बाजूला केला आणि चपला घालून स्वतःच ठेल्याकडे निघाला.